तीन सुरांचं घर

आमच्या निपाणीच्या घरात बाहेरचा सोपा आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या भिंतीत एक आरपार कोनाडा होता. एकच दिवा ठेवला की दोन्हीकडं उजेड पडावा, ही आमच्या पणजोबांची युक्ती. उजेड दोन्हीकडं कितपत पडायचा ते पणजोबांनाच ठाऊक, पण सोप्यातलं बोलणं मात्र आत अगदी ऐसपैस यायचं. सोप्यात पुरुष बसायचे, आत आम्ही. आपण जे बोलतो ते फक्त पुरुषांच्या कानावर पडतं, अशी सोप्यातल्या मंडळींची पक्की समजूत होती आणि ती मोडायची आम्हाला काही गरज नव्हती. मी शाळेत गेले ती मराठी चौथीपर्यंत. त्यापुढचं माझं सगळं शिक्षण या कोनाड्यातून झालं. तंबाखू कशी भिजवून वजनाला चढवतात, कुणाच्या घरात कुणाचं कुणाशी पटत नाही, गांधीबाबा म्हणतो ते खरं की कलेक्टर म्हणतो ते, हे सगळं मी कणीक मळता मळता शिकले. संगीतही तिथूनच शिकले.

घर जैनाचं, त्यामुळं दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची. दुपारचे चार वाजले की चूल पेटायचीच, मग घरात लग्न असो की मयत. आमची अव्वा, म्हणजे आई, चिकोडीकडची. ती आमच्याशी मराठीत बोलायची, पण मोजायला आणि चिडायला तिला कानडी लागायची. भाकऱ्या मोजताना ती ‘ओंदु, येरडु, मूरु, नाक्कु’ म्हणायची आणि ती मोजणी माझ्याही तोंडात बसली ती आजतागायत. गल्लीच्या तोंडाशी वखारी होत्या. सुगीत तंबाखूची भुकटी हवेत असायची. पाहुणे पायरी चढेपर्यंत चार शिंका देत. आम्हाला सवय होती. अव्वाला भांड्यांचा आवाज खपत नसे. भांडं वाजलं की घरात भांडण होतं, असं ती म्हणायची. आमच्या घरात भांडणं भांडी न वाजताही व्यवस्थित व्हायची, पण हे तिला सांगणार कोण?

पेटी घरात आली ती हौसेनं नव्हे, हट्टानं. आप्पा, म्हणजे आमचे वडील, तंबाखूच्या कामाला बेळगावला गेले होते. कॅम्पात कुणी गोरा साहेब विलायतेला परत निघाला होता आणि त्याच्या बंगल्यापुढं सामानाचा लिलाव चालला होता. आप्पा नुसते बघायला म्हणून उभे राहिले. तिथं निपाणीचाच दुसरा एक व्यापारी होता. त्यानं मेमसाहेबाच्या पायपेटीला बोली लावली. पायपेटी म्हणजे काय हे आप्पांना ठाऊक नव्हतं, पण ती त्या माणसाच्या घरी जाता कामा नये एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी सर्व्हिस मोटारीच्या टपावरून पेटी आमच्या दारात उतरली. गल्ली गोळा झाली. कुणी म्हणालं कपाट आहे, कुणी म्हणालं कपडे शिवायचं मशीन, कारण खाली पायानं दाबायच्या दोन फळ्या होत्या. आप्पांनी ती सोप्यात अशी ठेवली की तिची नक्षीची पाठ रस्त्यावरून दिसावी. वाजवणाऱ्यानं कोनाड्याकडं पाठ करून बसायचं. म्हणजे आतून मला दिसायची ती वाजवणाऱ्याची पाठ आणि त्या पाठीआड पेटी. वाजवून झालं की झाकणाला कुलूप लागायचं आणि किल्ली माझ्या भावाच्या, अण्णाच्या करगोट्याला जायची.

वाजवणारा अर्थातच अण्णा. घरातला एकुलता एक मुलगा, तेव्हा गोडाचा पहिला घास त्याचा, नवीन छत्री त्याची आणि पेटीही त्याचीच. माझा भाऊ स्वभावानं वाईट नव्हता, हे मी आजही कुणालाही सांगेन. पण सुरांच्या बाबतीत त्याचा कान म्हणजे दाराची कडी. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, आरतीच्या वेळी उपाध्ये त्याला न चुकता घंटा वाजवायला द्यायचे, त्यानं तोंड उघडू नये म्हणून. अण्णाला तो मान वाटायचा.

शिकवायला इनास मास्तर मिळाले. ते कॅम्पातल्या एका पलटणीच्या बँडात तोंडानं फुंकायचा बाजा वाजवत असत. पुढचे दात पडले, फुंक सुटायला लागली, तशी पलटणीनं त्यांना घरी पाठवलं. जावई निपाणीच्या एका वखारीत कारकून होता, त्याच्याकडं ते राहायला आले होते. आप्पांनी त्यांना विचारलं, “आमच्या पोराला ही पेटी वाजवाया शिकवशीला?” मास्तर म्हणाले, “बाबा, पेटीला दात लागत नाय. शिकवतो.” आणि रोज चारच्या सुमारास ते येऊ लागले. आत आमची चूल पेटायची, बाहेर त्यांची शिकवणी.

मास्तरांची शिकवण आपल्याकडच्या गाण्यासारखी नव्हती. आपल्याकडं सूर एकामागून एक येतात, हे मलाही माहीत होतं. मास्तर तीन सूर एकदम दाबायला लावत. अण्णा म्हणाला, “मास्तर, तीन एकदम कशाला? एकेक वाजवू की, बिगीबिगी.” मास्तर म्हणाले, “एक सूर म्हणजे एक मनुष्य. तीन सूर म्हणजे घर. ऐक बाबा. हा खालचा, हा सासरा. हा वरचा, ही सासू. आणि मध्ये बसली ही सून. सासरा आणि सासू सहसा जागेवरून हालत नाय. घर हसतं का रडतं, ते सून ठरवते.” मग ते पट्ट्या मोजून दाखवायचे. खालच्या सुरापासून चार पट्ट्या पुढं गेलं की सून, तिथून तीन पुढं गेलं की सासू. हे हसरं घर. सून एक पट्टी खाली सरली, म्हणजे आधी तीन आणि मग चार, की रडकं घर. सून खाली सरलेली असताना सासूही खाली उतरली, तीन आणि तीन, की दबकं घर, सगळे एकमेकांच्या अंगावर. आणि सून वर असताना सासू आणखी वर चढली, चार आणि चार, की टांगलेलं घर. ते ना धड खाली येतं, ना वर जातं. मास्तर मोजायला सांगत तेव्हा बोटानं दाखवत असावेत. मला नुसतं ऐकू यायचं, “ही एक, ही दोन, ही पण मोज, सोडू नको.” मी आत कणकेवर बोटं टेकवत मोजायची, ओंदु, येरडु, मूरु, नाक्कु.

चार प्रकारची घरं माझ्या कानात आठ दिवसांत बसली. त्यात माझी काही मोठी करामत नव्हती. ज्या मुलीला पुढं सासरी जायचं असतं, तिला घर हसरं आहे की दबकं हे दारातूनच ओळखावं लागतं. अण्णाला आठ महिन्यांत एकही बसलं नाही. मास्तर दाबून विचारायचे, “कोणतं घर?” अण्णा छताकडं बघून म्हणायचा, “हसरं.” रोज हसरंच. चारांत एकदा बरोबर यायचंच, आणि त्या एका वेळी आप्पा तक्क्यावरून मान डोलवायचे. मी आत ओठांतल्या ओठांत खरं उत्तर द्यायची. पुढं पुढं तर मला सगळीकडं तेच ऐकू यायला लागलं. मोठी घागर, कळशी आणि तांब्या मी जरा हात चुकल्यासारखं करून एकमेकांवर आपटायची. आमच्याकडच्या तिन्हींचं रडकं घर व्हायचं. शेजारची कळशी मागून आणली की हसरं. अव्वा ओरडायची, “रत्ने, भांडी वाजवू नगं म्हनलं न्हवं का तुला?” आता माझ्या नातवाकडं एक पेटी आहे, विजेवर चालते. एक कळ दाबली की तिन्ही सूर आपोआप येतात, वर ढोलकीही वाजते. तो मला म्हणतो, “आज्जी, हे मेजर, हे मायनर, तुला नाही कळायचं.” मी म्हणते, “नाही बाई, कसं कळणार.” पोराचा आनंद कशाला घालवा?

मला काय हवं होतं ते सरळ सांगते. मला त्या पेटीवर बसायचं होतं. लग्न, दागिने, काशीयात्रा यांतलं काही नको होतं. ते तीन सूर माझ्या बोटांखाली एकदा वाजलेले ऐकायचे होते आणि मास्तरांकडून पुढचं शिकायचं होतं. एकदा धीर करून आप्पांना म्हटलं, तर ते म्हणाले, “सोप्यात बसून बायकांनी पेटी वाजवाय आपलं घर म्हंजे काय तमासगिराचं हाय व्हय?” माझं वय तेव्हा सोळा होतं. एक सोयरीक मोडली होती म्हणून राहिले होते, नाहीतर एव्हाना कुणाच्या तरी चुलीपुढं असते.

तेवढ्यात बेळगावच्या वकिलांचं पत्र आलं. हे वकील आमच्याच समाजातले, पण सुधारक. सुधारक असल्याचं ते दर वाक्यात एकदा सांगत, त्यामुळं विसरायची सोय नव्हती. त्यांची मुलगी विमल कॅम्पातल्या मडमांकडं पियानो शिकली होती. निपाणीच्या तंबाखूवाल्यांच्या घरी विलायती पेटी आहे आणि मुलगा ती शिकतो, अशी वार्ता त्यांच्या कानी गेली होती. पत्रात लिहिलं होतं की मुलगी दाखवण्याची रानटी चाल आम्हास मान्य नाही. आम्ही मुलीला घेऊन मुलगाच पाहायला येऊ. आमची कन्या पेटीवर काही सूर वाजवील, ते चिरंजीवांनी ओळखावेत, एवढीच अपेक्षा. आप्पांनी पत्र दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, “ह्यात काय हाय? आठ म्हयनं शिकतोय की पोरगं.” अण्णाचा चेहरा मात्र उतरला.

दुसऱ्या दिवशी तो आत आला. पुरुष माणूस स्वयंपाकघरात आला म्हणजे एक तर भूक लागलेली असते किंवा गळ्याशी आलेलं असतं. तो पाटावर बसून म्हणाला, “रत्ने, तुला समदं येतंय, मला ठावं हाय. तू आत पुटपुटतीस ते मला ऐकू येतंय.”

“मग? मी काय करू?”

“तू आतनं खूण कर. तव्यावर उलथनं वाजीव. एकदा वाजलं की हसरं, दोनदा वाजलं की रडकं. तिनदा दबकं, चारदा टांगलेलं. मी मोजीन आनि सांगीन.”

“आनि मला काय रं त्याचं?”

त्यानं जरा विचार केला. “सोयरीक जमली की पेटी तुझी. मास्तर तुलाच शिकवतील. आप्पास्नी मी सांगतो.”

“पद्मावतीची आण घे.”

त्यानं घेतली. अशा आणा त्यानं लहानपणापासून बऱ्याच घेतल्या होत्या, पण त्या दिवशी मी त्या मोजायच्या मनःस्थितीत नव्हते. रात्रभर मी बोटं चाळवत पडले होते.

वकील आले ते दुपारी उशिरा. मोटार वाटेत बंद पडली होती. बरोबर विमल होती. मुलीनंच मुलगा बघायला येणं निपाणीनं पाहिलेलं नव्हतं, त्यामुळं आमच्या पायऱ्यांवर अर्धी गल्ली बसली. वकील दारातच शिंकले आणि शिंकत शिंकत स्त्रियांच्या उद्धाराबद्दल बोलू लागले. आत पुरणपोळ्यांचा घाट होता. जेवण दिवस मावळायच्या आत व्हायला हवं, वकील सुधारक असले तरी तेवढं पाळत होते. मोटारीनं वेळ खाल्लेली. तेव्हा बाहेर परीक्षा आणि आत स्वयंपाक, दोन्ही एकदमच सुरू झालं. अण्णाच्या योजनेत हे नव्हतं. अव्वा पोळ्या भाजणार, उलथनं तिच्याच हातात असणार, हे त्या शहाण्याला सुचलं नव्हतं. मला तरी कुठं सुचलं होतं? मी म्हटलं, “अव्वा, तू लाट, मी भाजते.” ती म्हणाली, “तुला भाजाय येत न्हाय, करपिवतीस. तू लाट.” शेवटी मी दुसरं जुनं उलथनं फडताळातून काढलं आणि चुलीच्या दुसऱ्या अंगाला जाऊन बसले.

कोनाड्यातून मला विमलची पाठ दिसत होती. लांब शेपटा, निळं पातळ. बाजूला अण्णा हात बांधून उभा, मुलगी दाखवताना मुलगी उभी राहते तसा. तिनं पाय चालवले आणि तीन सूर दाबले. मेमसाहेबाच्या पेटीतून असा आवाज निघतो हे मी तोवर ऐकलंच नव्हतं. मास्तर दाबायचे तेव्हाही पाय अण्णाचेच चालत, त्यामुळं ती नेहमी सर्दी झाल्यासारखी वाजायची. हसरं घर. मी तव्याच्या काठावर एकदा वाजवलं. अण्णा म्हणाला, “हसरं.” वकिलांना ते नाव कळलं नाही, पण विमलनं मान हलवली, तिच्या मडमाही तसंच काही शिकवत असाव्यात. दुसरं रडकं. मी दोनदा वाजवलं आणि त्याच वेळी अव्वानं उलथन्याला लागलेलं पीठ झाडायला ते तव्यावर आपटलं. तीन झाले.

“दबकं,” अण्णा म्हणाला.

विमलनं पुन्हा तेच दाबलं. मी घाईनं पुन्हा दोनदा वाजवलं. अण्णानं घाम पुसला. “न्हाय, न्हाय. रडकं. रडकंच.” वकील आप्पांकडं वळून म्हणाले, “पाहा, किती प्रांजळ आहे. चूक लगेच कबूल केली.” आप्पा हरभऱ्याच्या झाडावर चढले. आत अव्वा माझ्याकडं बघत होती. “तुझ्या हाताला काय झालंय? तवा फोडतीस का काय?” मी म्हटलं, “पीठ झाडतीया.” ती म्हणाली, “कशाचं पीठ? तुझ्याफुडं पोळीच न्हाय.” मग दबकं आलं, मग टांगलेलं आलं. मी तीनदा, चारदा वाजवलं. अव्वानं कपाळावर हात मारला, पण पाहुणे बाहेर होते म्हणून गप्प बसली.

चारही उत्तरं झाली आणि मला वाटलं, सुटलो. पण विमल उठली नाही. तिनं आणखी तीन सूर दाबले. हसरंच होतं, पण पहिल्यासारखं नव्हतं. मी क्षणभर थांबले आणि एकदा वाजवलं. अण्णा म्हणाला, “हसरं.”

“हो,” विमल म्हणाली. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. “पण पहिल्यात आणि ह्यात फरक काय?”

याला खूण ठरलेली नव्हती. उलथन्यानं फरक सांगता येत नाही. अण्णानं छताकडं बघितलं. आप्पा खाकरले. मला उत्तर येत होतं. सासरा खालून उठून वर माळ्यावर जाऊन बसला होता, बाकी सासू तीच, सून तीच, घर तेच. आठ महिने मी ओठांतल्या ओठांत उत्तरं दिली होती. मी काही ठरवून केलं नाही. तोंड आपणहून उघडलं आणि कोनाड्यातून आवाज बाहेर गेला, “तेच हाय की! खालचा सूर उचलून वर ठेवलाय, दुसरं काय न्हाय!”

अव्वाच्या तव्यावरची पोळी तशीच राहिली. बाहेर विमलनं गर्रकन मान वळवून कोनाड्याकडं बघितलं. आम्ही दोघी एकमेकींना दिसलो. वकिलांनी विचारलं, “कोण आहे आत?” आप्पा म्हणाले, “कोन न्हाय. पोरगी हाय. उगंच बडबडती.” वकील सुधारक होते, त्यांना ही संधी सोडवेना. “बोलवा, बोलवा तिला. स्त्रियांनी बाहेर यायलाच हवं.”

मी पुरणाचे हात पदराला पुसत सोप्यात गेले. विमल उठली आणि तिनं मला तिच्या जागेवर बसवलं. आप्पांचं तोंड मला दिसत होतं, पण पाहुण्यांपुढं त्यांना बोलता येईना. पेटी पहिल्यांदाच मला समोरून दिसली, आणि मी चरकले. मला वाटलं होतं, पट्ट्या सगळ्या एकाच ओळीत, एकसारख्या असतील. इथं पांढऱ्यांच्या मध्ये मध्ये काळ्या बसल्या होत्या, काही ठिकाणी दोन, काही ठिकाणी तीन. त्या कशासाठी असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मास्तरांचं ‘ही पण मोज’ म्हणजे काळीही मोज, हे आता जरा लक्षात यायला हवं होतं, पण एवढ्या लोकांत कुणाचं डोकं चालतं? मला वाटलं, नक्षी असेल. साहेब लोकांना नक्षीचा सोस असतो.

विमलनं एका पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवलं. “हा सा.” मी तिथून मोजलं, नुसत्या पांढऱ्या. ओंदु, येरडु, मूरु, नाक्कु. मग पुढं तीन. दोन्ही हात लागले, तेव्हा कुठं तिन्ही पट्ट्यांवर बोटं पोचली. दाबलं. काहीच वाजलं नाही. पायऱ्यांवर कुणी तरी खुसखुसलं. “पाय,” विमल हळूच म्हणाली. मी पाय चालवले, लुगडं फळीत अडकलं, ते सोडवलं, पुन्हा चालवले आणि आवाज आला. ऐकताक्षणी मला कळलं. सासरा होता, सासू होती, वर आणखी एक सासराच होता. सून नव्हतीच. ते घर ना हसत होतं ना रडत होतं, नुसतं आ वासून उभं होतं. चूक काय आहे ते माझ्या कानाला कळत होतं, पण मधला सूर कुठल्या पट्टीत राहतो ते बोटांना माहीत नव्हतं. मी एक काळी दाबून बघायला हात उचलला.

“वा!” वकील हसले. “तानपुरा झाला की हा. कान आहे, पण हात नाही.” सगळे हसले. आप्पा सगळ्यांत मोठ्यानं हसले, त्यांचा जीव भांड्यात पडला होता. मी म्हटलं, “आनि येकदा,” पण आप्पांनी अंगणाकडं बघितलं. ऊन भिंतीच्या वरच्या कडेला गेलं होतं. “पुरं आता. दिस बुडाय लागला. पानं घ्या.” वकीलही लगबगीनं उठले. आमच्यात सूर्य कुणासाठी थांबत नाही, सुधारणेसाठीही नाही. अण्णानं झाकण लावलं, कुलूप घातलं आणि मी पोळ्या वाढायला आत गेले. त्या एका काळ्या पट्टीखाली काय होतं ते मला तेव्हा कळलं असतं, तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं असं मी म्हणत नाही. पण मला ते कळायला हवं होतं. आजही तो सोपा आठवला की माझा राग ताजा होतो, आणि मी तो लपवत नाही.

जेवताना वकिलांनी स्त्रीशिक्षणावर भाषण दिलं. चौथ्या पोळीपर्यंत ते चाललं. शेवटी ताक पीत आप्पांना म्हणाले, “तुमची मुलगी फार तल्लख आहे. पण वय झालंय हो. लवकर उजवून टाका, म्हणजे काळजी मिटली.” आप्पांनी भाषणातलं नेमकं तेवढंच वाक्य उचललं. अण्णा तर पास झालाच होता. आठवड्यात होकाराचं पत्र आलं. विमलनं हो म्हटलं, असं त्यात मुद्दाम लिहिलं होतं. एवढं बघून सुद्धा बेळगावची शिकलेली मुलगी आमच्या अण्णाला हो म्हणते, याचं मला नवल वाटलं. आपल्याकडच्या मुली शिकल्या तरी डोळस होत नाहीत, असं मी मनाशी म्हटलं आणि विषय संपवला.

मी अण्णाला गाठलं. “आता पेटी?”

तो नवीन टोपी घालून आरशात बघत होता. “अगं, तुला तर वाजवाय येत न्हाय. समद्यांनी बघितलं न्हवं का? मग शिकून काय करतीस?”

“येत न्हाय म्हनूनच शिकाय पायजे न्हवं?”

“आप्पास्नी इचारलं मी. न्हाय म्हनाले.” मग टोपी काढून म्हणाला, “खरं सांगू? इचारलं न्हाय. आत्ता इचारलं तर माजं समदं भाईर पडंल.”

माझी सोयरीक बोरगावच्या एका घरी पक्की झाली. घर मोठं, जमीन चांगली, माणसं सरळ. कुणी गात नव्हतं. वकिलांनी खर्चाला फाटा देऊन सुधारकी लग्न करायचं ठरवलं, म्हणजे ते आमच्या दारात, आमच्या खर्चानं. तेव्हा आप्पांनी एकाच मांडवात दोन्ही कार्यं काढली, पहिल्या दिवशी अण्णाचं, दुसऱ्या दिवशी माझं. इनास मास्तर अण्णाच्या लग्नाला आले होते. त्यांनी लाडू मऊ करून खाल्ला आणि मला म्हणाले, “बेटी, मी आठ महिने चुकीच्या माणसाकडं तोंड करून बसलो.” मग त्यांनी नाक शिंकरलं. वखारीच्या भुकटीनं असेल.

अक्षता दुपारी पडल्या. त्यानंतर पाहुणे जेवायला बसले आणि नव्या नवरीला जरा पाठ टेकायला आतल्या खोलीत आणलं. खोलीत मी एकटीच होते. विमलनं मुंडावळ्या सोडल्या, दार लोटून घेतलं आणि ती थेट माझ्यापुढं येऊन बसली. पहिल्यांदाच आम्ही जवळून बोलत होतो.

“वन्सं, एक सांगते, कुणाला सांगू नका. दुसऱ्या वेळी तवा आधी तीनदा वाजला, मग दोनदा वाजला आणि ह्यांनी उत्तर बदललं ना, तेव्हाच मला कळलं. सूर ह्यांना येत नाहीत, ते आतून कुणीतरी सांगतंय. शेवटचं मी तुम्हाला बोलतं करायलाच विचारलं.”

मी म्हटलं, “मग तुम्ही हो कशाला म्हनला?”

“आणखी दोन घरं सांगून आली होती. तिथं कुणालाच काही ऐकू येणार नव्हतं.” तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले. “बाबांना मी म्हटलं, ह्याच घरी जाते. आता रोज दुपारी तुम्ही माझ्याशेजारी बसायचं. काळ्या पट्ट्या मी एका दिवसात सांगते, त्यात काही नाही. सासऱ्यांचं काय करायचं ते आपण दोघी बघू.” ती हे भरभर बोलत होती, लहान मुलगी बोलते तसं. मग खिडकीतून अंगणाकडं बघून तिनं सहज विचारलं, “सगळ्यांची जेवणं होत आली, तरी मांडवाच्या दारावरचे हार बदलतायत कशाला? मांडव उतरवायचा नाही का?”

तिच्या वडिलांनी तिला सांगितलं नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय आहे, असं सगळ्यांना वाटलं असणार.

“वहिनी,” मी म्हटलं, “मांडव माझ्यासाठी ठेवलाय. उद्या माझं लगीन हाय, बोरगावला दिलंय मला.”

तिनं माझे हात सोडले नाहीत. बाहेर आचारी उद्याच्या बुंदीसाठी कढई घासत होते.